खोक्यावरचं बारीक अक्षर

वहिनींचा दिवस पावणेपाचला सुरू व्हायचा. घरात गजराचं घड्याळ नव्हतं. लागलंही नाही.

उठल्यावर पहिलं काम दादाला कुशीवर वळवायचं. दादा माझा थोरला भाऊ. इमारतींना रंग द्यायचं काम करायचा. एक दिवस परांचीवरून पडला आणि कमरेखालचं सगळं गेलं. असा माणूस वळवायला ताकद लागत नाही, रीत लागते. वहिनी एक गुडघा पलंगावर टेकवायच्या, एक हात त्याच्या खांद्यामागे, दुसरा कमरेखाली, आणि स्वतःचं वजन मागे टाकायच्या. पाच मोजेपर्यंत दादा वळलेला असायचा. मी वजनं उचलण्यात जन्म घालवला. इतक्या कमी श्रमात इतकं वजन हलवणारं माणूस मला कामावर भेटलं नाही. अकरा वर्षांत दादाच्या पाठीला एक जखम झाली नाही. ज्यांनी अंथरुणावरचं माणूस सांभाळलंय त्यांना याचा अर्थ कळेल. बाकीच्यांना सांगून उपयोग नाही.

मग पाठ पुसायची, लघवीची पिशवी रिकामी करायची, चादर ओढून ताठ करायची. चादरीला एक सुरकुती राहिली तरी जखमेला तेवढं पुरतं, असं त्या म्हणायच्या. मग चहा. मग दादाच्या गोळ्या वाटीत. हे सगळं होईपर्यंत सहा वाजायचे.

दादा आतल्या खोलीत असायचा. त्या खोलीला खिडकी नव्हती. त्याच्या पलंगाला लागून जी भिंत होती तिच्या पलीकडे रस्ता. त्याला रस्ता ऐकू यायचा, दिसायचा नाही.

"बाहेर काहीतरी पडलं बघ. पत्र्याचं होतं."

"अहो, मला उशीर होतोय."

"मग येताना बघून ये काय पडलं होतं ते. मला दिवसभर तेवढाच उद्योग."

वहिनी खरंच बघून यायच्या. संध्याकाळी सांगायच्या, डबा होता, झाकण वेगळं पडलं होतं. दादा म्हणायचा, "झाकणाचा आवाज मला वाटलाच होता."

निवृत्त झाल्यावर फंडाचे पैसे हातात आले की ती भिंत फोडून खिडकी काढायची, हे वहिनींनी दादा पडला त्याच वर्षी ठरवलं होतं. घरमालक म्हणाला होता, काढा, खर्च तुमचा. भिंत जाड होती. वर लोखंडी तुळई घातल्याशिवाय तिला हात लावता येत नव्हता. महिन्याच्या पगारात हे बसत नव्हतं. पगार दादाच्या पिशव्या, नळ्या, गोळ्या आणि घरभाडं यातच संपायचा. म्हणून सगळं निवृत्तीवर ढकललेलं. निवृत्तीपर्यंत नोकरी टिकणं, एवढीच त्या घराची अट होती.

मी पुढच्या खोलीत राहायचो. लग्न केलं नाही. सहाला आम्ही दोघं निघायचो आणि चालत रुग्णालयात जायचो. त्या आयसीयूत सिस्टर. मी ऑक्सिजनवाला.

ऑक्सिजनचं मोठं नळकांडं माणसाएवढं उंच आणि माणसापेक्षा जड असतं. ते उचलायचं नसतं. तिरकं करून बुडाच्या कडेवर फिरवत न्यायचं असतं. डावा हात मानेवर, उजवा हात फिरवायला. पाय मध्ये आला तर पाय गेला. मी सव्वीस वर्षं असं चाललो. मग भिंतीतून पाइप आले आणि माझं काम संपलं. मला औषधांच्या स्टोअरवर टाकलं. खोकी आणायची, खोकी ठेवायची. माझ्या हातांना ते काम हलकं वाटायचं. हलक्या कामात माणूस सैल होतो, हे मी तेव्हा ध्यानात धरलं नव्हतं.

आयसीयूत बारा खाटा होत्या. मधोमध एक टेबल, त्यावर वहिनींचा ट्रे. लोखंडी, कप्प्याकप्प्यांचा. सकाळी सात वाजता कामावर हजर झाल्या की त्या तो ट्रे पूर्ण रिकामा करायच्या आणि पुन्हा भरायच्या. आधीच्या पाळीने कितीही नीट भरलेला असो. डावीकडे वर ॲड्रेनॅलिन. त्याच्या शेजारी ॲट्रोपीन. खाली फुप्फुसात पाणी भरलं तर ते लघवीवाटे काढायचं इंजेक्शन. मग कॅल्शियम, मग सोडाबायकार्ब. उजवीकडे दहा एमएलच्या सलाईनच्या छोट्या नळ्या, कारण त्या सगळ्यात जास्त लागतात. कुठलंही औषध शिरेतून दिलं की मागून सलाईन ढकलायचं, म्हणजे पेशंटच्या हाताला जोडलेल्या नळीत अडकलेलं औषध आत जातं.

मी दारात उभा राहून ऐकत ऐकत यातलं बरंच शिकलो. ॲड्रेनॅलिन म्हणजे बंद पडलेल्या गाडीला मागून धक्का. ॲट्रोपीन म्हणजे गाडी चालू आहे पण चढावर दमतेय, तिला. रक्तदाब धरून ठेवायचं एक औषध पंपातून थेंबाथेंबाने जायचं. त्याची सिरिंज संपत आली की दुसरी भरून, जोडून, चालू करून मगच पहिली काढायची. मधे दहा-वीस सेकंद रिकामे गेले तर आकडा घसरतो आणि माणूसही. वहिनी ते करायच्या तेव्हा पेशंटचे नातेवाईक गप्पा मारत असायचे. काही घडतंय हे त्यांना कळायचंसुद्धा नाही. चांगल्या कामाची खूण ती.

आणि पोटॅशियम. ते ट्रेमध्ये नसायचं. खालच्या खणात, कुलपात, लाल पट्टी लावून. सलाईनच्या मोठ्या बाटलीत मिसळून तासातासाने गेलं तर ते हृदय सांभाळतं. तेच सरळ सिरिंजने शिरेत गेलं तर हृदय थांबवतं. वहिनी नव्या मुलींना सांगायच्या, "थेंबाने जीव देतं, घोटाने घेतं. हातात धरलंत की आधी मला हाक मारायची."

त्यांना आयसीयूत 'पुन्हा वाच' म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे. कारण औषध भरणाऱ्या सिस्टरला त्या नळीवरचं नाव मोठ्याने वाचायला लावायच्या. वाचलं की म्हणायच्या, "पुन्हा वाच." दुसऱ्यांदा वाचल्याशिवाय सुई पेशंटपर्यंत जायची नाही. छोटे डॉक्टर एकदा घाईत म्हणाले, "सिस्टर, एकदा वाचलंय ना तिने?"

"एकदा वाचलं ते तिच्यासाठी, डॉक्टर. दुसऱ्यांदा पेशंटसाठी."

ही शिस्त चांगली होती. सुरुवातीला ती नुसती शिस्तच होती. नंतर तिच्यात दुसरंही काही मिसळलं, ते मला माहीत होतं.

निवृत्तीला तीन वर्षं उरली असताना एकदा घरी जाताना वहिनी खांबाला धडकता धडकता वाचल्या. मी म्हटलं, "वहिनी, समोर बघा."

"समोरचंच दिसत नाही भाऊजी. बाजूचं दिसतं."

दुसऱ्या एका दवाखान्यात, जिथे त्यांना कुणी ओळखत नव्हतं, मी त्यांना घेऊन गेलो. डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलं, पडद्याचा मधला भाग जातोय. चष्म्याने येणार नाही. डोळ्यात इंजेक्शनं घेतली तर जाण्याचा वेग कमी होईल, गेलेलं परत येणार नाही. इंजेक्शनं महाग होती. वहिनींनी दोन घेतली. त्या दोन महिन्यांत दादाच्या नळ्या उकळून पुन्हा वापरल्या. तिसरं इंजेक्शन घेतलं नाही.

बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "आता तुमच्या दादांचं तोंड दिसत नाही, कान तेवढे दिसतात. चला, कानच बरे आहेत त्यांचे." आणि मग लगेच, "भाऊजी, हे कुणाला बोलायचं नाही. त्यांनासुद्धा."

रुग्णालयाला कळलं असतं तर त्यांना कपड्यांच्या खोलीत टाकलं असतं, नाहीतर सरळ घरी. पगार अर्ध्यावर आला असता. म्हणून मी बोललो नाही. ते बरोबर होतं की चूक, याचा हिशेब मला अजून लागलेला नाही.

दरवर्षी कामगारांची तपासणी व्हायची. वजन, रक्तदाब, डोळे. डोळ्यांचा तक्ता भिंतीवर टांगलेला. त्या वर्षी मी रांगेत वहिनींच्या पुढे उभा राहिलो आणि तक्ता खड्या आवाजात वाचला. तपासणारा म्हणाला, "अहो, मी बहिरा नाही."

"सवय आहे साहेब. नळकांड्यांच्या आवाजात बोलून."

मागे वहिनी एकेक अक्षर पाठ करत होत्या. त्यांची पाळी आली, त्यांनी खालच्या ओळीपर्यंत न चुकता म्हटलं. पुढच्या वर्षीही तोच तक्ता होता. त्याच्या पुढच्या वर्षीही.

पण तक्ता पाठ करता येतो, इंजेक्शनची नळी नाही. म्हणून त्यांनी दुसरी रीत बसवली. ट्रे स्वतः भरायचा तो खोक्यावरची मोठी छापील अक्षरं बघून. मान थोडी वळवून, डोळ्याच्या कडेने बघितलं तर मोठी अक्षरं कळायची. खोक्यातली नळी हातात आली की बोटांनी तपासायची. पोटॅशियम काचेचं, सलाईन प्लास्टिकचं. ॲड्रेनॅलिनची काच तपकिरी, मानेला पांढरा पट्टा. शेवटी वाचायला दुसऱ्या सिस्टरचे डोळे, दोनदा. तीन गाळण्या. अडीच वर्षं त्यातून काही निसटलं नाही. मी रोज बघत होतो. डोळस बायकांच्या पाळीत चुका झाल्या, त्यांच्या पाळीत नाहीत.

निवृत्तीला सात महिने राहिले होते तेव्हाची गोष्ट.

सकाळी नऊच्या सुमारास मी स्टोअरमधून आयसीयूचा माल घेऊन उतरणीवरून निघालो. चार खोकी एकावर एक. नियम दोनचा होता. मी चार घेतली, कारण माझ्या खांद्यांना दोन म्हणजे काहीच नाही. सगळ्यात खालचं खोकं भिजलेलं होतं, ते हातात घेताना मला जाणवलं होतं. अर्ध्या उतरणीवर त्याचं बूड सुटलं. नळ्या जमिनीवर. फुटली एकही नाही, कारण त्या प्लास्टिकच्या होत्या. ते पोटॅशियम होतं. त्या महिन्यात पहिल्यांदा प्लास्टिकच्या नळ्यांत आलेलं.

मी नळ्या गोळा केल्या. जवळ सलाईनचं एक रिकामं खोकं पडलं होतं, त्यात भरल्या. खिशातलं पेन काढलं आणि खोक्याच्या झाकणावर लिहिलं, पोटॅशियम. नीट लिहिलं. बारीक, बॉलपेनने, जसं मी पावत्यांवर लिहायचो. खोक्याच्या बाजूला बोटभर उंचीच्या निळ्या छापील अक्षरांत सलाईन तसंच राहिलं.

तिथे कोण वाचणार आहे हे मला माहीत होतं. सगळ्या रुग्णालयात ते मला एकट्याला माहीत होतं. आणि मी बारीक लिहिलं.

वर गेलो तेव्हा वहिनी दोन नंबरच्या खाटेशी होत्या, पडदा ओढलेला. सांगायचं होतं. म्हटलं, नंतर सांगू. खोकी नेहमीच्या जागी ठेवली आणि खाली आलो. खाली पंखा लागलेला, चहा आलेला. चहा प्यालो.

अकराला रिकामी खोकी न्यायला परत वर गेलो. तोवर ट्रेमधलं सलाईन संपलं होतं आणि वहिनींनी तो कप्पा निळी अक्षरं बघून त्याच खोक्यातून पुन्हा भरला होता.

चार नंबरवर एक टॅक्सीवाले होते. साठीचे. हृदयाच्या झटक्यातून उठलेले, दुसऱ्या दिवशी साध्या वॉर्डात जायचे. सगळ्या सिस्टरांना विचारायचे, "कुठे सोडू?" त्या दिवशी त्यांच्या खाटेशी धाकटी सिस्टर होती. तिला मैना म्हणायचे, कारण ती भरभर बोलायची. तिने लघवीचं इंजेक्शन दिलं आणि मागून ढकलायला सलाईनच्या कप्प्यातून नळी उचलली. वहिनी शेजारी उभ्या होत्या.

"सलाईन, दहा एमएल," मैना म्हणाली. नळीचं तोंड तोडताना तिची नजर टॅक्सीवाल्यांच्या हाताकडे होती.

"पुन्हा वाच."

"सलाईन, दहा एमएल."

दोन्ही वेळा तिने कप्पा वाचला. नळी वाचलीच नाही. हजार वेळा त्या कप्प्यातून सलाईनच निघालेलं. अशा वेळी डोळे बघत नाहीत, तोंडच आपलं म्हणत राहतं. मीही तक्ता असाच पाठ करवला होता.

ती ढकलू लागली. टॅक्सीवाले म्हणाले, "सिस्टर, जळतंय. हात जळतोय."

"होतं थोडं, काका."

वहिनींनी मान फिरवली. "काय म्हणाले?"

"जळतंय म्हणतात."

"थांब. सुई काढ. हात काढ तिथून." त्यांनी मान तिरकी करून मॉनिटरकडे बघितलं. मॉनिटरवरची रेघ त्यांना दिसायची, ती मोठी असते. रेघेची टोकं तंबूसारखी उंच व्हायला लागली होती. मग रुंद. मग वेडीवाकडी. मैनाच्या सिरिंजमध्ये अर्ध्याहून जास्त शिल्लक होतं.

त्या क्षणी काय झालंय हे तिथे कुणालाच माहीत नव्हतं. हृदयाचा पेशंट होता. असे पेशंट जातात. दुसरा झटका आला असं सगळ्यांनी धरलं असतं, ॲड्रेनॅलिन देत राहिले असते, आणि अर्ध्या तासाने छोट्या डॉक्टरांनी घड्याळ बघून वेळ लिहिली असती. रिकाम्या नळ्या कचऱ्यात गेल्या असत्या. सात महिने सरले असते.

वहिनी मोठ्याने म्हणाल्या, "पोटॅशियम गेलंय. माझ्या ट्रेमधून गेलंय. कॅल्शियम भर."

छोटे डॉक्टर धावत आले. "नक्की, सिस्टर? बघितलंत नळीवर?"

"मला दिसत नाही डॉक्टर. सलाईन जळत नाही एवढं माहीत आहे. कॅल्शियम द्या."

त्या बोलत असतानाच रेघ सपाट झाली.

पुढचं मी सगळं बघितलं. छाती दाबायला वहिनी स्वतः चढल्या. कोपरं ताठ, वजन खांद्यातून, मिनिटाला शंभरावर दाब, आणि दर दाबाला छाती दोन इंच खाली जायला हवी. दोन मिनिटांत चांगला गडी घामाघूम होतो. सत्तावन्न वर्षांच्या त्या बाईने दोन पाळ्या केल्या. मधे एक पाळी वॉर्डबॉयने केली, आणि वजनं हलवलेला माणूस म्हणून सांगतो, त्याचा दाब उथळ होता. कॅल्शियम गेलं. ॲड्रेनॅलिन गेलं. सोडाबायकार्ब गेलं. इन्सुलिन आणि साखरेचं पाणी गेलं, ते पोटॅशियमला रक्तातून पेशींत ओढतं. मैना भिंतीला टेकून उभी होती. वहिनींनी दाबता दाबताच तिला हाक मारली, "रडू नकोस. नळी हातात घे आणि वाच."

मैनाने नळी डोळ्यांसमोर धरली. "पोटॅशियम क्लोराइड."

"पुन्हा वाच."

"पोटॅशियम क्लोराइड, सिस्टर."

"आता कागदावर लिही, वेळ टाकून."

अकराव्या मिनिटाला रेघ उठली. आधी एक, मग बराच वेळ काही नाही, मग एक, मग एकामागे एक. टॅक्सीवाले त्यानंतर बारा दिवसांनी चालत घरी गेले. त्यांच्या हाताची शीर काळी पडली होती, बाकी काही नाही.

चौकशी एका लांब टेबलाच्या खोलीत झाली. मोठे साहेब, मेट्रनबाई, आणि टॅक्सीवाल्यांची मुलगी. तिने तक्रार केली होती. करायलाच हवी होती. मला खोक्यापुरतं बोलावलं. खोकं टेबलावर होतं.

"हे तुम्ही आणलंत?" साहेबांनी विचारलं.

"हो."

"माल बदलून भरला?"

"बूड फुटलं म्हणून."

"वर लिहिलं होतं का?"

"लिहिलं होतं."

मेट्रनबाईंनी चष्मा नाकावर सरकवला, झाकण उजेडाकडे धरलं. "लिहिलंय बरं का. पोटॅशियम. अगदी स्वच्छ लिहिलंय."

माझ्यापुरतं संपलं. लिहिलं होतं, म्हणजे माझं काम झालं होतं. ज्याला डोळे आहेत त्याने वाचायचं.

मग वहिनींना विचारलं. त्यांनी सगळं सांगितलं. डोळे कधीपासून, तक्ता कसा पाठ केला, बोटांनी कसं ओळखायच्या. मैनावर एक शब्द टाकला नाही. म्हणाल्या, "तिने मी शिकवलं तसं केलं. माझं शिकवणं पाठांतर झालं होतं, ते मला कळायला हवं होतं."

 मुलगी म्हणाली, "ह्यांना दिसत नाही, हे अजून कुणाला माहीत होतं?"

मी तोंड उघडलं होतं.

"कुणालाही नाही," वहिनी म्हणाल्या. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. बघितलं असतं तरी दिसलो नसतो.

मी तोंड मिटलं.

घरी चालत आलो. नेहमी त्या माझ्या डाव्या हाताला असायच्या, त्या दिवशी त्यांनी माझी बाही धरली. तोवर कधी धरली नव्हती. आता लपवायचं काही उरलं नव्हतं.

"वहिनी, मी सांगायला हवं होतं."

"काय?"

"मला माहीत होतं हे. आणि तरी बारीक लिहिलं, हे."

"मग?" त्यांनी बाही ओढून मला चालतं ठेवलं. "घरात एक तरी पगार यायला हवा, भाऊजी. मी आत विचार करूनच बोलले. तुम्ही आता मोठं मन दाखवून माझं बोलणं फुकट घालवू नका."

"पण..."

"रडायचं असेल तर इथेच रडून घ्या. घरी ह्यांना नाक लाल दिसतं लगेच."

घरी दादाला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "डोळ्यांचं मला दोन वर्षं माहीत आहे."

वहिनी खुर्चीवर बसल्या. "कुणी सांगितलं?"

"सुई ओवायला माझ्याकडे द्यायला लागलीस तेव्हाच कळलं. आणि गोळ्या. तू वाटीत टाकायचीस, मी मोजायचो. दोनदा चुकल्या होत्या. मी त्या उशीखाली ठेवल्या."

"आणि बोलला नाहीत?"

"तू बोलली नाहीस."

तिघांना माहीत होतं आणि तिघंही गप्प होतो. एकाने जरी तोंड उघडलं असतं तर त्या माणसाच्या शिरेत आग गेली नसती.  त्या संध्याकाळी सगळे आपापल्या जागी तेच चघळत होते. दादाला वळवायची वेळ झाली तेव्हा वहिनी उठल्या, गुडघा टेकवला, आणि पहिल्यांदाच त्यांना तो एका दमात वळला नाही. मी हात लावला.

त्यांना कामावरून कमी केलं. परवाना गेला. निवृत्तिवेतन मिळालं, पण कमी. फंड मात्र त्यांचा होता. तीस वर्षं पगारातून कापलेला, त्याला कुणी हात लावू शकत नव्हतं. डोळ्यांच्या डॉक्टरकडे पुन्हा चला, असं मी दोनदा म्हटलं. त्या म्हणाल्या, "जे गेलं ते येणार नाही म्हणाला ना तो? मग त्याच्यावर कशाला घालवू."

टॅक्सीवाले एकदा दारात आले होते. हातात काही नव्हतं. वहिनींनी आवाज ओळखला. ते उंबऱ्यातच उभे राहिले. "सिस्टर, मुलीने जे केलं..."

"बरोबर केलं तिने."

"हो," ते म्हणाले. "मलाही तसंच वाटतं." आणि मग, "पण तुम्ही ओरडला नसतात तर मी गेलो असतो, हेही तिला सांगितलंय मी." आणि टॅक्सीत बसून निघून गेले.  त्या रात्री वहिनी जेवल्या नाहीत, एवढं मला माहीत आहे.

भिंत मी फोडली. मला तीन दिवस लागले. वरच्या विटा आधी काढायच्या नसतात. आधी दोन्ही बाजूंनी तुळईला बसायला खाचा पाडायच्या, तुळई अर्धी आत सरकवायची, खाली लाकडाचे टेकू द्यायचे, मग खालच्या विटा. तुळई आणायला चार माणसं लागली. टेकू काढताना मी स्वतः खाली उभा राहिलो, कारण टेकू मीच लावले होते. आतली धूळ दादाच्या अंगावर बसू नये म्हणून वहिनींनी ओली चादर दोरीवर धरली. तीन दिवस त्या चादर धरून उभ्या होत्या.

चौथ्या दिवशी चौकट बसली, काच बसली. दादा रस्ता बघत राहिला. त्याचे डोळे उजेडाने पाणावले. तो म्हणाला, पाणी उजेडाचं आहे.

वहिनींनी खुर्ची खिडकीजवळ ओढली आणि रस्त्याकडे पाठ करून बसल्या. समोरचं त्यांना दिसणारच नव्हतं.

"काय आहे?" त्यांनी विचारलं.

"एक माणूस शिडी घेऊन चाललाय. शिडी जुनी आहे. एक पायरी नाही तिला."

"कितवी?"

"तिसरी."

"पुन्हा बघा."

दादाने पुन्हा बघितलं. "चौथी," तो म्हणाला. "चौथी पायरी नाही तिला. बरोबर आहे तुझं."

वहिनी गेल्याला आता वर्ष होईल. त्यांच्या तीस वर्षांच्या पगारातून शेवटी एवढं आलं: एक लोखंडी तुळई, सागाची चौकट, दोन काचा, पितळेची कडी, आणि गवंड्याची एका दिवसाची मजुरी. भिंत फोडल्याचे पैसे त्यांनी मला देऊ केले होते. मी घेतले नाहीत.